गाडीचा पत्ता सांगली

साताऱ्याहून सांगलीला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या गोष्टींनी नवा पत्ता मुकाट्यानं घेतला. गॅसच्या पुस्तकानं घेतला, बँकेनं घेतला, तुळशीच्या कुंडीनं तर टेम्पोतून उतरल्या उतरल्या चार पानं जास्त काढून दाखवली. अडून बसली ती एकटी गाडी. तिचा पत्ता बदलायला मला सात महिने लागले, आणि तेवढ्या काळात मी इतक्या माणसांवर तोंड टाकलं की नवरा म्हणाला, "आता तुझाच विमा काढायला हवा. थर्ड पार्टीचा."

गाडी माझी नव्हे, सासऱ्यांची. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि बऱ्याच वर्षांनी हौसेनं ही पांढरी, छोटी गाडी घेतली. स्वतः कधी चालवली नाही. चालवते मी. मामा डाव्या बाजूला ताठ बसतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्यानं वाचतात. आपली गाडी एमएच अकरा, म्हणजे साताऱ्याची. समोरून अकरा आली की मामा मान हलवतात, गावातला माणूस भेटल्यासारखी. सांगलीची दहा आली की म्हणतात, "सरकून घे बाई, दहा हाय." माझं माहेर सांगली. म्हणजे मी मूळची दहा, लग्नानं अकरा झालेली. हा विनोद मामा लग्न झाल्यापासून करतात आणि मी दर वेळी हसते. न हसून सांगते कुणाला?

तर नवऱ्याची बदली सांगलीला झाली. मामांच्या हृदयाचे डॉक्टर मिरजेत, दर महिन्याला साताऱ्याहून हेलपाटा पडायचा. माझं माहेर तिथंच. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की सांगलीतच फ्लॅट विकत घ्यायचा आणि कायमचं तिकडं जायचं. सगळ्यांनी म्हणजे नवऱ्यानं आणि मी. मामांना विचारलं नाही. सासूबाई गेल्यापासून ते किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या तीन खोल्यांत चौकीवर नेमणूक असल्यासारखे राहत होते. 'कायमचं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती होईना. नवरा म्हणाला, "तू सांग. तुझं ऐकतात." घरातली सगळी अवघड कामं आजवर ह्याच वाक्यावरून माझ्याकडे आली आहेत.

मी सांगितलं, "मामा, दोनच वर्षं. भाड्यानं फ्लॅट घेतलाय. बदली संपली की परत साताऱ्याला."

"सबूद?" मामांनी विचारलं.

"शब्द," मी म्हणाले.

मग त्यांनी घराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली. त्या दिवसापासून ती किल्ली तिथंच. बंडी धुवायला टाकताना आधी किल्ली दुसऱ्या बंडीत जायची, मग ही बंडी माझ्याकडे यायची.

आता एकदा घर भाड्याचं म्हटलं की घरमालक आलाच. पहिल्याच आठवड्यात मामांना वर्दीतला फोटो भिंतीवर लावायचा होता. मी खिळा आणि हातोडी आणून दिली, तर म्हणाले, "आगं, परक्याची भित हाय. आदी मालकाला इचार." कुठला मालक, कुठलं काय! मी गॅलरीत गेले आणि बंद फोन कानाला लावून तीन मिनिटं गोड बोलले. परत येऊन सांगितलं की मालक पुण्याला असतात, स्वभावानं फार चांगले आहेत, खुशाल ठोका म्हणाले. मामांना हे इतकं भावलं की साताऱ्याहून येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा मागवला. "मालकाला पोचता कर." तो मी आणि नवऱ्यानं स्वयंपाकघराचं दार लावून खाल्ला. दिवाळीला दुसरा आला, तोही खाल्ला. संक्रांतीला तिसरा. मामा येईल त्याला सांगायचे, "लय भला माणूस. आजवर खिळ्याला न्हाई म्हटलं न्हाई." नवऱ्याचं पोट त्या थंडीत जे सुटलं ते ह्या भल्या माणसापायी.

गाडीच्या विम्याचं म्हणाल तर माझ्या डोक्यातही नव्हतं. ते घातलं तळमजल्यावरच्या काकांनी, मे महिन्यात. आमच्या पार्किंगच्या खांबावर छातीइतक्या उंचीवर एक निळी रेघ आहे. मला वाटायचं, रंगाऱ्यानं काही मोजायला मारली असेल. काका म्हणाले, "वहिनी, ती पुराची रेघ. कृष्णामाई इथवर आली होती." हे त्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं की मला वाटलं, चहा पिऊनच गेली असावी. मग त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं, नंबराकडे पाहिलं आणि विचारलं, "विम्यात इंजिनाचं कव्हर घेतलंय ना? आणि पॉलिसीवर पत्ता कुठला?"

"का हो?"

"अहो, पाणी शिरून इंजिन गेलं तर साध्या विम्यात काही मिळत नाही. आणि तो सर्व्हेवाला येतो ना, तो पहिलं हेच विचारणार. साताऱ्याची गाडी सांगलीच्या पाण्यात काय करत होती? पोहायला आली होती का?"

पावसाळा तोंडावर आलेला. गाडी गेली तर मामांना मिरजेला न्यायचं कशातून? रिक्षात त्यांची कंबर धरते. मी वर गेले आणि कपाटातून विम्याचे कागद काढले.

इथं आमच्या एजंटांची ओळख करून द्यायला हवी. साताऱ्याला आमचा विमा ज्यांच्याकडे, ते मामांच्या चुलतबहिणीचे जावई. आमच्याकडे विमा कंपनी बघून काढत नाहीत, नातं बघून काढतात. जावयाला नाही कसं म्हणायचं? बारा वर्षं ते दर साली बरोबर जेवणाच्या वेळेला यायचे, आमटी-भाकरी जेवायचे, "काम झालंय बरं का मामा," म्हणून एक कागद ठेवून जायचे. तो कागद कपाटात साड्यांच्या खाली जायचा. वाचायचा कुणी नाही. जावयानं दिलेला कागद वाचला म्हणजे त्याच्यावर संशय घेतला असं होतं. मी पहिल्यांदा वाचला तो त्या दिवशी. मोबाइल नंबर जावईबापूंचा. ईमेल जावईबापूंचा. वारस म्हणून सासूबाईंचं नाव, ज्यांना जाऊन पाच वर्षं झाली. इंजिनाचं कव्हर नाही.

फोन लावला.

"इंजिनाचं कव्हर का घेतलं नाही?"

"आवं वैनी, तुमी किल्ल्याच्या पायथ्याला ऱ्हाता. तितं नळाला पाणी येत न्हाई, ते इंजनात कुटनं यायचं?"

"आता आम्ही सांगलीत राहतो."

"मग ऱ्हावा की! कवातरी परत येणारच हायसा न्हवं? कशाला पत्ता बदलत बसताय? मी हाय की."

मी हाय की. बारा वर्षं आमची गाडी पेट्रोलवर नव्हे, ह्या तीन शब्दांवर चालत होती. मी म्हटलं, तुम्ही असाल हो, पण पूर आला तर तुम्ही काय पार्किंगमध्ये येऊन पाणी उपसणार का? ते हसले आणि म्हणाले, "वैनी लय तिकट." फोन ठेवून मी कंपनीची सांगलीतली शाखा गाठली.

शाखेतले साहेब तरुण, मऊ बोलणारे, नियमाचे पक्के. म्हणाले, आधी पत्ता बदलून घ्या, मुदत संपेल तेव्हा गाडी तपासून इंजिनाचं कव्हर घालू. त्यासाठी हा फॉर्म, त्यावर मालकाची सही आणि नव्या पत्त्याचा पुरावा. मी विचारलं, नंबर बदलेल का हो? कारण मामा पहिलं तेच विचारणार. ते म्हणाले, जिल्हा बदलला तरी राज्य तेच, नंबर होता तोच राहतो. मी घरी येऊन फॉर्म भरला. 'कायमचा पत्ता' ह्या रकान्यात सांगलीचा फ्लॅट लिहिण्याआधी मी एकदा मामांच्या खोलीकडे पाहिलं. पण मी म्हटलं, मामांना काय कळतंय, सहीच तर करायची आहे.

मामा सही करण्याआधी वाचतात. फौजेत त्यांना कुणीतरी ही सवय लावली, आमच्या घरात ती त्यांच्या एकट्याची आहे. भिंग घेऊन ते फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचत बसले. मी समोर लसूण सोलत बसले.

"ह्यात कायमचा पत्ता म्हणून सांगली लिवलंस."

"फॉर्मच तसा छापलाय मामा. त्यांच्याकडे तात्पुरत्याला रकानाच नाही."

"आन नंबर? दहा करत्यात का काय?"

"अकराच राहणार. साहेबांना विचारून आलेय."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी भिंग त्या रकान्यावर परत नेलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "दोन वरसांतलं सात म्हयनं सपलं," आणि पेनाचं टोपण काढलं. मामांची सही बघण्यासारखी असते. देवनागरीत पूर्ण नाव, त्याखाली सुभेदार, कंसात निवृत्त, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. दीड मिनिट लागतं. तेवढा वेळ घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. सही झाल्यावर मी त्यामागे लाइटचं बिल जोडलं. बिल नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणून घडी घालून जोडलं.

तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन. "मॅडम, सही जुळत नाही."

मी गेले. साहेबांनी आवाज आणखी मऊ केला. "मॅडम, सासऱ्यांचं वय किती?"

"एक्क्याऐंशी."

"होतं काय, वयस्कर लोकांच्या सह्या घरातलेच करतात. आम्ही समजून घेतो. पण नोंदीतली सही वेगळीच आहे. ही त्यांची वाटत नाही."

माझं टाळकंच सरकलं. "म्हणजे मी खोटी सही केली? अहो, गाडी ढापायचीच असती तर बारा वर्षांची ढापली असती का? समोरच्या शोरूममध्ये गाड्या काय कमी आहेत?" रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं, बरं वाटलं. साहेब म्हणाले, रागावू नका, त्यांनाच घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर बंडी घालून तयार. पिशवीत आधार, पेन्शनचं पुस्तक, कँटीनचं कार्ड, फौजेतून सुटल्याचा कागद. स्वतः स्वतःच असल्याचे एवढे पुरावे घेऊन माणूस निघाला तर त्याला कोण अडवणार, असं मला वाटलं. साहेबांनी खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. पहिल्या वर्षीचा फॉर्म होता. खाली इंग्रजीत एक तिरकी, झोकदार सही. शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं.

"ही कुणाची?" मामा म्हणाले.

"तुमची, आजोबा."

"म्या विंग्रजीत सही करत न्हाई."

"पण नोंद हीच आहे. बारा वर्षं."

मामांनी कागद मागितला आणि तिथंच आपली सही करून दाखवली. अख्खी शाखा दीड मिनिट थांबली. साहेबांनी दोन्हींकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "आजोबा, तुम्हाला हेलपाटे नकोत म्हणून सांगतो. ह्या पडद्यावरच्या सहीकडे बघून तशीच एक करून बघा ना. जुळली की आत्ता काम होईल."

"मंजी मी खरा हाय ह्ये दाखवायला दुसऱ्याची सही करू?" मामांनी विचारलं. साहेबांनी पडदा परत स्वतःकडे फिरवला.

मला तोवर ती शेपटी ओळखीची वाटायला लागली होती. दरवर्षीच्या पावतीवर ती मी पाहिली होती. मी जावईबापूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मामांच्या सह्या तुम्ही करता का हो?"

"व्हय की!" बाप्याच्या आवाजात कौतुकच होतं. "पयल्या सालापासनं मीच करतोय. म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास? ऱ्हाऊ द्या म्हटलं. आपलंच घर हाय."

मग मात्र माझा पट्टा सुटला. शाखा, रांग, साहेब, कशाचं म्हणून भान राहिलं नाही. "लाज नाही वाटत? धडधाकट माणूस समोर बसलाय, लिहिता-वाचता येतंय, अन् तुम्ही त्यांच्या वतीनं परस्पर ठरवून मोकळे! त्रास नको म्हणे! विचारायला काय तोंड दुखत होतं? त्यांचं आहे ते त्यांना विचारायला नको?" पलीकडून, "वैनी... आवं वैनी..." एवढंच येत होतं. रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. मामा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू आपली सून रणात उतरली आहे. मला आजही ती नजर आठवली की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

फोन ठेवला. साहेबांनी घाईघाईनं सहीबदलाचा अर्ज पुढे केला, काम लवकर उरकावं म्हणून जुनी कागदपत्रं चाळायला घेतली आणि माझं घडी घातलेलं बिल उलगडलं. "पत्त्याचा पुरावा हा ना? घर स्वतःचं की भाड्याचं?"

मी तोंड उघडायच्या आत मामाच बोलले. "भाड्याचं हाय. मालक पुण्याला असत्यात. लय भला माणूस."

"पण बिल तर तुमच्या मुलाच्या नावावर आहे, आजोबा." साहेबांनी बिल सरळ केलं आणि मामांच्या पुढ्यात ठेवलं. "भाड्याचं असेल तर भाडेकरार जोडा. स्वतःचं असेल तर खरेदीखताची प्रत."

मामांनी भिंग काढलं नाही. मोठ्या अक्षरात नाव होतं. त्यांनी ते वाचलं आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. साहेब बघत होते. मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. म्हटलं असतं, मालकानं मीटर आमच्या नावावर करून दिलाय, फार भले आहेत. मामांनी ते मानलंही असतं, आणि हेच माझ्यानं सहन झालं नाही.

"स्वतःचं आहे," मी म्हणाले.

मामांनी सहीबदलाचा अर्ज ओढला आणि जिथं जिथं साहेबांनी बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. एकदाही वाचलं नाही. मामांनी न वाचता केलेल्या सह्या मी आयुष्यात तेवढ्याच पाहिल्या. साहेब म्हणाले, "प्रत उद्या आणून दिलीत तरी चालेल. आठ दिवसांत नोंद होईल. तोवर जुनाच पत्ता चालू."

गाडीत बसलो. समोरून दहा गेली, मागोमाग अकरा गेली, मामांनी एकही नंबर वाचला नाही.

एका चौकात लाल दिव्याला थांबलो, तेव्हा म्हणाले, "पेढं कुणी खाल्लं?"

"आम्ही."

"समदं?"

"समदं," मी म्हणाले. रडू येत होतं, आणि नेमकं ह्या प्रश्नावर रडायचीही सोय नव्हती.

दिवा हिरवा झाला. "त्यो सायब काय म्हनला? किती दिस लागत्यात?"

"आठ."

"मंजी आजून आठ दिस गाडी सातारचीच हाय."

"हो, कागदावर."

"मग पेठ नाक्याच्या रस्त्याला घे."

"मामा, कपडे नाहीत बरोबर, तुमच्या गोळ्या..."

"गोळ्या पिशवीत हायत." त्यांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला. "किल्ली बी हाय."

मी गाडी वळवली. कराडला चहाला थांबलो, तिथून नवऱ्याला फोन केला. म्हटलं, साताऱ्याला चाललोय, मामांना कळलं, खरेदीखताची प्रत उद्या तुम्हीच शाखेत नेऊन द्या. तो एकदम घाबरून म्हणाला, "मी काय करू मग?" मी म्हटलं, "हे दाराआड पेढे खाताना विचारायचं होतंत," आणि फोन ठेवला. खरं तर हे मी मलाच म्हटलं होतं.

साताऱ्याचं घर सात महिने बंद होतं. मामांनी कुलूप उघडलं, मी खिडक्या उघडल्या. पहिले दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढ, पाणी दे. मी झाडलं, पुसलं, शेजारणीच्या साड्या नेसून वावरले. तिसऱ्या दिवशी ते आपल्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, तिथवर आवाज येत होता. कुणीतरी विचारलं, कायमचं आला का सुभेदार?

"न्हाई. सुट्टीवर आलोय," मामा म्हणाले.

"पोस्टिंग कुटं हाय आता?" त्यानं हसत विचारलं.

"सांगलीला."

"किती वर्सांचं?"

मामांनी तंबाखूवर थाप मारली. "परमनंट हाय गड्या."

मी तांदूळ तसेच ठेवून आत गेले. हा शब्द उच्चारायला आम्हा दोघांची छाती होत नव्हती. त्यांनी तो कट्ट्यावर चार माणसांत सांगून टाकला होता, तंबाखू मळता मळता.

आठव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, दारात जावईबापू. मी शाखेत सही बदलली, पत्ता बदलला, पण ह्या सगळ्या गोंधळात मोबाइल नंबर बदलायचा राहूनच गेला होता. मेसेज त्यांच्याच फोनवर आला. "मामा, काम झालं बरं का," ते नेहमीच्या सुरात म्हणाले. "तुमचा पत्ता सांगली झाला." मग माझ्याकडे बघून जरा बिचकले. मी पाट मांडला, आमटी-भाकरी वाढली.

जेवण झालं, चहा आला, तेव्हा मामा बशीत ओतता ओतता म्हणाले, "एक इचारू का जावईबापू? बारा वरसं माजी सही तुमी केली. माजा हात चालतोय. डोळं हायत. दर साली समोर बसून जेवत हुता. एकदा तरी कागद पुढं सरकवायचा हुता."

"आवं मामा, तुमाला तरास नको म्हणून..."

"म्या केली असती की सही," मामा म्हणाले. "इचारलं असतंसा तर केली असती. न्हाई कवा म्हणलो मी?"

ते जावईबापूंशी बोलत होते. पण शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी बशी खाली ठेवली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. जावईबापूंना वाटलं, प्रश्न त्यांनाच आहे, म्हणून ते काहीबाही सारवासारव करत राहिले. मी चुलीपाशी उभी होते. चुकलं मामा, एवढं म्हणायचं सोडून मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

त्याच दिवशी निघालो. मामांनी घराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली. बाजारातून जाताना त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, दुकानात गेले आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. गाडीत बसून तो माझ्या मांडीवर ठेवला.

"मालकाला," म्हणाले. "आन ह्या बारीला माज्यासमोर खा."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पुडा सोडला, एक पेढा काढला आणि त्यांच्या देखत तोंडात घातला. मामा समोर बघत बसले होते, ताठ. पेढा घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग म्हणाले, "चल. मागनं दहा येतीया, तिला आदी जाऊ दे."